खरवडलेला पाय

ज्या माणसानं माझ्या काचेवरचा पाय ब्लेडनं खरवडून काढला, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. तो आता हयात आहे की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्यानं काही फरकही पडत नाही. माणूस गेला की त्याच्यावरचा रागही गेलाच पाहिजे, असा कुठला कायदा मी तरी वाचलेला नाही. घरातले म्हणतात, बाबा, केवढी जुनी गोष्ट, सोडून द्या आता. ज्यांचं काही गेलं नाही त्यांना सोडून द्या म्हणायला काय जातं?

हल्ली टीव्हीवर लहान मुलांना शिकवणारे कार्यक्रम लागतात. अक्षरं नाचतात, दातात कीड कशी शिरते ते दिसतं, नातवंडं तोंडाचा आ करून बघत बसतात. त्यांना वाटतं हे सगळं आत्ताच निघालं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा हेच काम मी रिसोडला, कंदिलाच्या उजेडात, हातानं केलं आहे. फरक एवढाच की माझी चित्रं काचेवर होती आणि ती हलवायला माणूस लागायचा.

मी तेव्हा शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. पंचविशीच्या आतला, अमरावतीला जाऊन चित्रकलेच्या परीक्षा दिलेला, आणि त्यामुळे डोक्यात भरपूर हवा असलेला. अशात नागपूरहून एक साहेब आले. खेड्यापाड्यांतल्या मुलांना चित्रं दाखवून शिकवायचं अशी त्यांची योजना होती. त्यांच्याजवळ मॅजिक लँटर्न होता. पत्र्याची पेटी, आत बत्ती, पुढे भिंग. रंगवलेली काच मध्ये सरकवली की समोर ताणलेल्या धोतरावर चित्र पुरुषभर मोठं होऊन दिसायचं. पण त्यांच्याकडच्या काचा विलायतेच्या होत्या. बर्फावर घसरणारी पोरं आणि छत्र्या घेतलेल्या मडमा दाखवून आमच्याकडच्या मुलांना काय शिकवणार? त्यांना इथली चित्रं हवी होती. ती काढायला मी सापडलो आणि मी हरखून गेलो, हे खोटं कशाला सांगू.

वाशीमच्या एका फोटोवाल्याकडून मी वाया गेलेल्या काचा आणायचो. सोड्याच्या गरम पाण्यात घालून त्यांच्यावरचा थर सोलायचा, राखेनं घासायच्या, मग रंगवायच्या. काचेवर रंगवणं ही उलटी विद्या आहे. काचेवर जिथं तुम्ही काहीच काढत नाही, तिथून उजेड आरपार जातो आणि पडद्यावर लख्ख पांढरं दिसतं. म्हणून आधी काळोख रंगवावा लागतो. व्हार्निशमध्ये काजळी घोटून मी तो रंगवायचो आणि मग त्यात हवा तेवढाच उजेड ठेवायचो. ही गोष्ट मी साहेबांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितली होती. त्यांनी मान डोलावली होती. मान डोलावण्यात तो माणूस पटाईत होता.

चित्र नुसतं दिसून मुलांचं समाधान होत नाही, ते हललं पाहिजे, हे मला शाळेत शिकवून कळलं होतं. फळ्यावर बैल काढला की पोट्टे विचारायचे, मास्तर, हा चालत काहून नाई? म्हणून मी दोन काचांची युक्ती केली. लाकडी चौकटीत एक काच पक्की बसवायची, तिच्यावर दुसरी सरकती. पक्क्या काचेवर बैलाचे पाय दोन जागी काढायचे आणि सरकत्या काचेवर काळं ठिगळ असं ठेवायचं की एका वेळी एकच जोडी दिसेल. पट्टी ओढली की बैलानं पाऊल टाकलंच. पहिल्यांदा ते पडद्यावर पाहिलं तेव्हा मी एकटाच खोलीत हसत बसलो होतो. एवढा निर्भेळ आनंद मला पुढे फारसा झाला नाही.

साहेबांनी विषय दिला नारूचा. आजच्या मुलांना नारू माहीत नाही, बरंच आहे. माणसाच्या पायातून हातभर लांब, शेवयीसारखा पांढरा किडा बाहेर यायचा. आधी फोड यायचा, त्याची आग आग व्हायची. मग किड्याचं तोंड दिसायचं आणि ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. मध्येच तुटला तर पाय सुजून कायमचा वाकडा व्हायचा. हा किडा पसरतो तो पायऱ्यांच्या विहिरीतून, जिला आम्ही बारव म्हणतो. फोड आलेला पाय घेऊन बाई पाणी भरायला खाली उतरते, पाय पाण्यात बुडतो, फोड फुटतो आणि किड्याची पिलं पाण्यात पडतात. तेच पाणी सगळं गाव पितं आणि वर्षभरानं पुन्हा फोड. हे सगळं एका डॉक्टरानं मला नीट समजावलं होतं. गावात मात्र वेगळं कारण सांगायचे. बारवीत आसरा राहतात, म्हणजे पाण्यातल्या देव्या. त्या गोऱ्यापान असतात आणि कोपल्या की माणसाच्या पायात शिरतात, असा समज. प्रत्येक बारवीवर त्यांचे शेंदूर फासलेले दगड असायचे.

माझी थोरली बहीण केनवडच्या पलीकडे एका लहान गावात दिलेली होती. तिला त्या वर्षी घोट्याजवळ नारू झाला होता. ती दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून रिसोडला डॉक्टरला दाखवायला आली आणि आठवडाभर माझ्याकडे राहिली. मी तिचाच पाय काढला. ती ओट्यावर बसायची, लुगडं पोटरीपर्यंत सारून पाय पुढे करायची आणि मी समोर कागद घेऊन.

"माह्या पायाचं चित्र काढून सरकारले काय भेटते रे भाऊ?" ती विचारायची.

"पोरायले समजन अक्का, नारू कुठून येते ते. मंग कोणी पाय बुडवनार नाई."

"मंग मी बी नाई बुडवत," ती म्हणाली. "पायरीवरूनच दोर सोडून भरतो पानी."

तिनं तसं कबूल केलं होतं आणि तिला ते खरंच कळलं होतं. तिची चार वर्षांची पोरगी शेजारी बसून आमचं ऐकत होती. डॉक्टरचं सांगणं अक्कानं नुसतं ऐकून घेतलं होतं, पण मी कागदावर पाय पाण्यात घालून दाखवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मला वाटलं, हिला कळलं म्हणजे सगळ्यांना कळणार. मी त्या एका काचेसाठी महिनाभर डोळे फोडले. बारवीचा आतला अंधार, ओल्या पायऱ्या, खाली हिरवं पाणी आणि अंधारातून उतरलेला सावळा पाय, घोट्यावर फोड. पट्टी ओढली की पाय पायरीवरून पाण्यात जायचा आणि सरकत्या काचेवरचे बारीक काळे ठिपके पाण्यात पसरायचे. माझ्या हातून एवढं नेमकं काम पुन्हा झालं नाही.

पहिला खेळ अक्काच्याच गावात ठरला. तिथले शाळा समितीचे अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी होते, अंगण त्यांचं, बैलगाडी त्यांची. म्हणून साहेबांनी त्यांना आदल्या दिवशी रिसोडला बोलावून शाळेच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून, काचा दाखवल्या. दात घासणारा मुलगा झाला, माशी झाली, बैल चालला. मग बारव आली. अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले.

"मास्तर, हे काय दाखवून राह्यले तुमी? बाईमानसाची उघडी पोटरी?"

मी म्हणालो, नारू पोटरीखालीच होतो, कपाळावर होत नाही.

"होऊ दे. पन ते पोरासोरांत, चार बायांत दाखवाचं? आमच्या गावाले काही अब्रू हाय का नाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याच माणसाच्या वावरात बाया गुडघ्यापर्यंत लुगडी खोचून दिवसभर निंदण करायच्या आणि हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभा राहून त्यांना हाका मारायचा. तिथं अब्रू कुठं जायची? मी ते बोलूनही दाखवलं असतं, पण साहेबांनी माझा हात दाबला आणि आपलं नेहमीचं डोलावणं सुरू केलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, लोकभावना सांभाळली पाहिजे, वगैरे. मी म्हणालो, दोन दिवस द्या, बाईऐवजी गड्याचा पाय काढतो.

त्यावर अध्यक्षच हसले. "गड्याचा पाय बारवीत कायले जाईन मास्तर? पानी त बायाच भरतात."

म्हणजे बाई पाण्यात उतरते हे त्यांना मान्य होतं. तिचा पाय त्यांना मान्य नव्हता. मी साहेबांकडे वळून विचारलं, पाय काढून टाकला तर पिलं पाण्यात पडतात कुठून, हे मुलांना कसं कळणार? ते म्हणाले, "मास्तर, मी बोलून सांगेन ना. चित्रात सगळंच दाखवायला हवं असं नाही." चित्रं काढून घ्यायला नागपूरहून आलेला माणूस मला हे सांगत होता. काचांची पेटी ते आपल्याबरोबर मुक्कामाच्या बंगल्यावर घेऊन गेले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती, असं कुणी म्हणेल. शंका कशाची येणार? कुणाच्या घरचं जेवण चाखून आपल्याला नको ती भाजी पातेल्यातून खरवडून टाकणारा पाहुणा मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी केनवडच्या रस्त्यावर, चालत्या गाडीत, ते मला मोठ्या खुशीनं म्हणाले, "काम करून टाकलं बरं का. दाढीच्या ब्लेडनं. बघा, किती स्वच्छ निघालं." मी काच उजेडाकडे धरली. अंधारी बारव तशीच होती आणि तिच्यात दोन जागी, जिथं अक्काचा पाय होता तिथं, पायाच्याच आकाराची कोरी काच. मी म्हणालो, साहेब, हे पडद्यावर पांढरंफेक दिसणार आहे, ही काच आज लावू नका. गाडीत काजळी नव्हती, व्हार्निश नव्हतं, पोचेपर्यंत दिवेलागण होणार होती. ते म्हणाले, छे, हलणारी काच हीच तर खेळाची गंमत आहे.

अंगणात गाव लोटलं होतं. पुढे मुलं, मागे गडी, भिंतीकडेला बाया. अक्का पाय लांब करून सासूजवळ बसली होती, मांडीवर पोरगी. तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की भावाची चित्रं आहेत. माशी आली, मुलं हसली. बैल चालला तेव्हा तर ती उड्याच मारायला लागली आणि माझा राग घटकाभर उतरला. मग साहेबांनी बारवीची काच लावली.

काळ्याभोर बारवीत, पायरीवर, एक पांढराशुभ्र पाय उभा होता. पाय कसला, नुसता उजेड. धोतरावर तो असा झळकत होता की पुढच्या मुलांचे चेहरे दिसायला लागले. साहेबांनी हातातल्या कागदावरून वाचलं, "पाहा मुलांनो, नारू पाण्यात कसा येतो," आणि पट्टी ओढली. तो पांढरा पाय पायरीवरून पाण्यात उतरला आणि सगळीकडे काळे ठिपके पसरले.

"आसरा आली माय," बायांतली एक म्हातारी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण तेवढा पुरला. बाया उभ्या राहिल्या, हात जोडले गेले, आयांनी पोरांची डोकी जमिनीला टेकवली. अध्यक्षांनी टोपी काढली. काल दुपारी त्यांना जिथं बाईची पोटरी दिसली होती, तिथं आता देवी दिसत होती आणि ते डोळे मिटून उभे होते. साहेबांना काय झालं ते कळलंच नाही. लोक उभे राहिले म्हणजे खेळ आवडला असं समजून त्यांनी पट्टी मागे घेऊन पुन्हा ओढली. आसरा पुन्हा उतरली.

मी ओरडलो. मी म्हणालो, ही आसरा नाही, हा माझ्या बहिणीचा पाय आहे, हिच्या घोट्याला फोड होता तो ह्या माणसानं खरवडला. मी खरं तेच बोललो. त्या खऱ्याचं लोकांनी काय केलं त्याचा दोष मी माझ्या माथी घेणार नाही, कुणी कितीही सुचवो. सगळ्या अंगणानं मान वळवून अक्काकडे पाहिलं, तिच्या काडी बांधलेल्या पायाकडे. तिच्या सासूनं आधी तिच्याकडे, मग पडद्याकडे पाहिलं आणि वाकून सुनेच्या त्या पायाला हात लावला.

सकाळी मी अक्काच्या घरी गेलो तेव्हा ओटीचं ताट तयार होतं. हिरवा खण, बांगड्या, हळदकुंकू. आसरांची ओटी बारवीत, गुडघाभर पाण्यात उभं राहून भरायची असते. मी सासूबाईंना हात जोडून सांगितलं, पाया पडून सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, आमी म्हनत होतो तवा तुमी आडानी म्हनत होते. आता सरकारनंच दाखवलं न? काहून अडवून राह्यले?"

आमच्या गावोगावच्या म्हाताऱ्या पिढ्यान् पिढ्या जे नुसतं सांगत आल्या होत्या, ते त्या दीडशहाण्या साहेबानं दिवा लावून, भिंग लावून, सरकारी आवाजात वाचून सिद्ध करून दाखवलं होतं. मी अक्काकडे वळलो. तुला तर माहीत आहे, मी म्हणालो, तू मला शब्द दिला होता.

"दिला होता," ती म्हणाली. तिचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे होते. "पन मले बी दिसली न रे भाऊ. तुह्याच पडद्यावर. आन पाय असा जळून राह्यला, थंड पान्यात ठेवला त बरं वाटंन."

बाया तिला धरून बारवीच्या पायऱ्या उतरल्या. मी काठावर उभा राहून ओरडत होतो. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, सासूनं ओटी भरली, आणि मी अक्काचा चेहरा पाहिला, आग शमल्यावर माणसाचा होतो तसा. किड्याची पिलं तेव्हाच पाण्यात सुटली असणार. मग आणखी एक झालं, जे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आसरा पावली म्हणून तिच्या पायाजवळचं पाणी तांब्यात भरलं गेलं आणि तीर्थ म्हणून ओंजळीओंजळीनं वाटलं गेलं, आधी मुलांना. मी धावत खाली उतरलो आणि एकीच्या हातचा तांब्या हिसकला. दोन गड्यांनी मला दंडाला धरून वर आणलं. अक्काच्या पोरीनं तोवर ओंजळ तोंडाला लावली होती आणि ओला हात डोक्यावरून फिरवला होता.

मला धरणाऱ्यांत एकालाही माझा राग आला नव्हता. मास्तरले उन्ह लागलं, ते एकमेकांना म्हणत होते. वाटेवर गाडी जुंपून साहेब थांबले होते. मी गाडीत चढलो नाही, तसाच चालत निघालो. ते गाडी माझ्या बाजूनं हाकवत राहिले आणि वरून म्हणाले, "मास्तर, लोकांनी किती मनापासून पाहिलं ते बघितलंत ना?" मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. पुढे ती काच त्यांनी कामरगावपर्यंत फिरवली. जिथं जिथं दाखवली तिथं लोक उभे राहिले, हे त्यांनीच एकदा रिसोडच्या बाजारात मला अभिमानानं सांगितलं. मी त्यांच्यासाठी पुन्हा काच रंगवली नाही, आणि कुणासाठीच नाही.

अक्काचा नारू ओढताना तुटला. पाय महिनोन्महिने सुजून राहिला आणि टाच टेकेनाशी झाली. तरी ती मला कधी काही बोलली नाही. ती साहेबांनाही काही बोलली नाही, अध्यक्षांनाही नाही, म्हणून तिचंही बोलणं मलाच बोलावं लागतं.

वर्ष उलटून उन्हाळा आला तेव्हा मी तिच्या गावी गेलो. अक्काच्या आळीत घरटी एका पायाला काडी बांधलेली होती. पोरगी दारातच बसली होती, पायाला हळद लावलेली, घोट्यावर टपोरा फोड. मला पाहून ती हसली. मला वाटलं होतं ती रडेल. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

"मामा, माह्या बी पायात आसरा आली," ती म्हणाली. "आजी म्हनते, लहान पोरायच्या पायात येत नसते, मी लय नशीबवान."

मी तिच्याजवळ बसलो. आत अक्का भिंतीला धरून, एका पायावर तोल सांभाळत माझ्यासाठी पाणी भरत होती. तोंड उघडलं असतं तर त्या पोरीच्या अंगावर ओरडलो असतो, आणि तिचा काय दोष होता?

"आईचा काढला होता न तू," ती म्हणाली, "मंग आता माह्या पायाचं बी काढ." आणि लुगड्याचा तुकडा नेसली होती तो गुडघ्यापर्यंत सारून तिनं पाय माझ्यापुढे केला.